बोटभर आखूड पाय

बालवाडीच्या बाईंनी सांगितलं ते अगदी सहज, मुलांच्या पायांत बूट चढवता चढवता. "तुमची भिंगरी गुणाची आहे हो. फक्त बसताना जरा कलते. डावीकडे." एवढं बोलून बाई दुसऱ्या कुणाच्या तरी वाहत्या नाकाकडे वळल्या. त्यांच्या दृष्टीने विषय संपला. भिंगरीच्या आईच्या दृष्टीने तो तिथून सुरू झाला.

भिंगरीची आई, म्हणजे घरातली सूनबाई, काळजी करण्यात वाकबगार होती. इतर आया मूल तापलं की घाबरतात. ही मूल तापलं नाही तर थर्मामीटर बिघडलाय का ते बघायची. त्या संध्याकाळी तिने भिंगरीला आधी जमिनीवर बसवलं, मग सोफ्यावर, मग जिन्याच्या पायरीवर, आणि प्रत्येक वेळी समोर उकिडवं बसून, एक डोळा मिटून पाहिलं. पोर डावीकडे कलत होती. अगदी थोडी, पण भिंतीवरची तसबीर वाकडी झाली की डोळ्याला टोचते ना, तितकी.

"आई, तू डोळा का मारतेस?" भिंगरीने विचारलं.

फोनमध्ये शोधलं तर फोनने एकाहून एक भयंकर आजार पुढ्यात मांडले. नवरा कामावरून आला तेव्हा ती रडायच्या बेतात होती.

"अगं, मीपण लहानपणी असाच बसायचो," तो म्हणाला.

तिने त्याच्याकडे निरखून पाहिलं. तो सोफ्यावर बसला होता, डावा खांदा खाली. "अजूनही बसतोस," ती म्हणाली. "म्हणजे हे तुमच्या घराण्यातच आहे."

आतून आजींचा आवाज आला. "आमच्या घराण्यात पाठी ताठच असतात गं. वाकडं असतं ते बोलणं. तुझ्या सासऱ्यांना विचार."

दुसऱ्या दिवशी तिघं हाडांच्या डॉक्टरांकडे गेली. डॉक्टरांनी भिंगरीला चालवलं, वाकवलं, पाठीवरून बोट फिरवलं, तिला गुदगुल्या झाल्या म्हणून पुन्हा फिरवलं.

"पाठ पट्टीसारखी सरळ आहे," ते म्हणाले.

"मग ती कलते का?"

डॉक्टरांनी चष्मा काढला आणि टेबलापलीकडच्या दोघांकडे पाहिलं. "तुम्ही का कलता?"

सूनबाईने खाली पाहिलं. तिचा डावा हात खुर्चीच्या हातावर रेललेला होता आणि सगळं अंग त्याच बाजूला गेलं होतं. शेजारी नवऱ्याचंही तेच. एकाच वाऱ्याने वाकलेली दोन झाडं जणू. नवऱ्याचं ठीक होतं, तो त्या घरात जन्मला होता. पण ती तर बाहेरून आलेली. तिला कुठून हा वारसा चिकटला?

"घरी कशावर बसता?" डॉक्टरांनी विचारलं.

दोघांनी एकमेकांकडे पाहिलं आणि एकदमच म्हणाले, "बाक."

तो बाक आजोबांनी केला होता. आजोबा सुतार. काम सोडून वर्षं झाली तरी कुणाच्याही घरी गेले की आधी दार दोनदा उघडून मिटायचे आणि मगच यजमानाला नमस्कार करायचे. "बिजागरी रडतेय," म्हणायचे. कपाट दिसलं की त्यावर टकटक करायचे आणि कपाळाला आठी घालायचे. आजूबाजूचे लोक नवं फर्निचर आणलं की आजोबांना मुद्दाम बोलावत नसत.

या सगळ्यावर आजींकडे एकच उतारा होता, तो म्हणजे स्वयंपाकघरातला बाक. जेवणाचं टेबल आजोबांनी भिंतीत पक्कं बसवलं होतं, पाणसळ लावून, आतला बुडबुडा मधोमध आणून. मग जुन्या भक्कम लाकडाचा लांबलचक बाक करून टेबलापाशी ठेवला. आजी, तेव्हाची नवी नवरी, मोरीकडच्या टोकाला बसली आणि म्हणाली, "अहो, हा कलतोय." आजोबा टेप आणायला धावले, तर तिने बाक धरून ठेवला. "हात लावायचा नाही. जगाच्या चुका काढता ना? आता ही एक आपल्या घरात राहू दे."

तेव्हापासून आजोबांनी कुणाच्या कामाला नाव ठेवलं की आजी फक्त म्हणायच्या, "पाय बोटभर आखूड कापणाऱ्याने बोलू नये." आजोबा टकटक थांबवायचे. आणि वर आजींकडून स्वतःच्या भावाचं कौतुक चालूच असायचं. हे स्वयंपाकघर बांधलं तेव्हा फरशी आजींच्या भावाने घातली होती. तो गवंडी, आता हयात नव्हता. "माझ्या भावाची फरशी बघा. एवढी वर्षं झाली, पण थेंबभर पाणी थांबत नाही. याला म्हणतात काम."

आजोबांना बाकाची इतकी लाज होती की त्यांनी तो कधी उलटा करून पाहिलाच नाही. स्वतः त्यावर बसायचेही नाहीत. सगळे बाकावर, आजोबा समोर स्टुलावर.

डॉक्टरांकडून आल्या आल्या सूनबाई स्वयंपाकघराच्या दारात उभी राहिली. आईपणाची सगळी ताकद एकवटून म्हणाली, "आई, बाक सरळ करून घ्यायला हवा. डॉक्टर म्हणाले, पाठ चांगली आहे, ही नुसती सवय आहे. पण सवयच पुढे..."

आजी वाटाणे सोलत होत्या. एक वाटाणा निसटून मोरीकडे घरंगळत गेला. त्यांनी तिकडे पाहिलंही नाही. "हा बाक मी भिंगरीच्या नावाने ठेवलाय," त्या म्हणाल्या. "दागिने-बिगिने काही नाहीत माझ्याकडे. म्हटलं, मी गेल्यावर हिने तरी आजोबांना सांगावं, पाय आखूड होता म्हणून. कुणीतरी सांगायला हवं ना?"

"आई, तुम्ही असं काय बोलता..."

"बरं. पोरीच्या पाठीपुढे माझी थट्टा काय मोठी आहे?" आजींनी पदराला हात पुसले. "करा सरळ. मी बाजारात जाते. मला ते बघवणार नाही." आणि खरंच, भिंगरीचं बोट धरून, पिशवी घेऊन त्या गेल्या. वाटाणे अर्धे तसेच राहिले.

आजोबांनी टेप, पाणसळ, करवत असं सगळं काढलं. इतकी वर्षं ज्या क्षणाची वाट पाहिली तो आला होता. सासऱ्याने आणि सुनेने मिळून बाक उलटा केला. आजोबांनी पहिला पाय मोजला. दुसरा मोजला. मग तिसरा, चौथा. पुन्हा पहिला. टेपचं टोक झिजलंय का ते पाहिलं, आणि लाकडी पट्टीने परत मोजलं.

"किती आखूड आहे, बाबा?"

आजोबांनी पाणसळ उचलली आणि सरळ फरशीवर ठेवली. बुडबुडा मधोमध राहिला नाही, दाराकडे पळाला. त्यांनी ती थोडी पुढे सरकवून ठेवली. पुन्हा तेच.

सूनबाईने ओट्यावरचा वाटाणा घेऊन जमिनीवर सोडला. तो सावकाश निघाला आणि मोरीपाशी जाऊन थांबला. भिंगरीचा चेंडू रोज तिथेच सापडायचा. सूनबाई रोज तो उचलायची आणि मनात म्हणायची, पोर नेमकी इकडेच का फेकते?

"उतार आहे," ती म्हणाली. "फरशीलाच उतार आहे, बाबा. तुमचे पाय..."

"सारखे आहेत," आजोबा हळूच म्हणाले. "चारही. केसाइतकाही फरक नाही." ते जमिनीवरच बसले. चेहऱ्यावर आधी एकदम तरुण हसू आलं, मग ते मावळलं. "शहाणा होता मेहुणा माझा. बहिणीला फरशी पुसताना वाकायला लागू नये, पाणी आपोआप मोरीत जावं म्हणून उतार दिला त्याने. बोलला नाही कुणाला. आणि मी असा मूर्ख, टेबलाला पाणसळ लावली, पण जमिनीला नाही लावली."

"आईंना सांगूया. त्या आल्या की लगेच. इतकी वर्षं तुम्ही उगाच..."

"काय सांगायचं? की तुझ्या भावाची फरशी वाकडी?"

"वाकडी नाही, मुद्दाम..."

"तिला मुद्दामचं ऐकू येणार नाही गं. तिला एवढंच ऐकू येईल की आता मला बोलायला तिच्याकडे काही उरलं नाही." आजोबांनी टेप गुंडाळला. "आणि खरं सांगू? इतकी वर्षं मी लोकांच्या दारांना नावं ठेवली, आणि घरी एकीने मला जमिनीवर ठेवलं. नाहीतर माझ्याशी कोण बोललं असतं?"

त्यांनी लाकडाच्या दोन चपट्या चकत्या कापल्या आणि मोरीकडच्या दोन पायांखाली सरकवल्या. बाक सरळ झाला. आजी परत आल्या तेव्हा आजोबा दाढी खाजवत उभे होते.

"मोजला?" आजींनी विचारलं.

"मोजला."

"मग?"

"बोटभर आखूडच होता. टेकू दिलाय," आजोबा म्हणाले.

सूनबाईने वाटाण्याच्या शेंगा ओढून घेतल्या आणि मान खाली घालून सोलायला लागली.

"मी म्हणत होते," आजी म्हणाल्या. पण आवाजात जोर नव्हता. त्या बाकावर बसल्या, उठल्या, पुन्हा बसल्या. "चांगला झालाय," म्हणाल्या, जसं एखाद्याच्या घरी न आवडलेला चहा पिऊन म्हणतात तसं.

रात्री सगळे जेवायला बसले. बाक सरळ, माणसं मात्र कललेली. नवऱ्याच्या कोपराने पाण्याचा पेला जरा हलला. भिंगरी नेहमीसारखी दाराकडच्या बाजूला, आईबाबांच्या अलीकडे चढून बसली आणि वाट पाहत राहिली. मग तिने पाय हलवले, अंग पुढे-मागे केलं.

"घसरत नाही," ती म्हणाली.

"कुठे घसरायचंय तुला?" सूनबाईने विचारलं.

"आजीकडे."

तेव्हा सूनबाईच्या लक्षात आलं. रोज भिंगरी त्या बाजूला बसायची आणि जेवण संपेतो इंचाइंचाने सरकत आजीच्या कुशीत पोचलेली असायची. शेवटचा घास नेहमी आजीच्या हातून. आज दोघींच्या मध्ये रिकामं लाकूड होतं. आजी मोरीकडच्या टोकाला एकट्या, ताटात बोट फिरवत बसल्या होत्या. आणि दारातून आल्यापासून त्यांनी आजोबांना एकही टोमणा मारला नव्हता.

भिंगरीचा पेला कलंडला, मुद्दाम की चुकून, कुणास ठाऊक. पाणी टेबलावरून जमिनीवर आलं आणि शिस्तीत मोरीकडे निघालं. सगळे उठले. आजी फडकं आणायला ओट्याकडे वळल्या.

सूनबाई पुसायच्या निमित्ताने बाकाखाली वाकली. डॉक्टरांनी काय सांगितलं होतं ते तिने मनात एकदा आठवून पाहिलं: जेवणापुरतं बसते ना, मग बसू द्या, अभ्यासाला सरळ खुर्ची द्या. सरळ खुर्ची ती उद्याच आणणार होती. दोनसुद्धा. तिने चकती ओढून पाहिली. हलेना, बाक जड. वर पाहिलं तर आजोबा तिच्याकडेच बघत होते. ते जवळ आले आणि शांतपणे गुडघ्याने बाकाचं टोक किंचित उचललं. दोन्ही चकत्या सूनबाईच्या खिशात गेल्या.

"काय चाललंय खाली?" फडकं घेऊन आलेल्या आजींनी विचारलं.

"काही नाही. पाणी गेलं आपोआप," सूनबाई म्हणाली.

"जाणारच. माझ्या भावाची फरशी आहे." आजी बसल्या. बसताक्षणी ओळखीच्या बाजूला कलल्या आणि थांबल्या. हाताने बाक चाचपला. मग त्यांचा चेहरा हळूहळू उजळत गेला. "अहो. टेकूसुद्धा टिकला नाही तुमचा एक संध्याकाळ."

"लाकूड दबलं असेल," आजोबा म्हणाले.

"लाकूड दबतंय, तुम्ही कधी दबायचात? भिंगरे, ऐकून ठेव गं. पाय तर आखूड कापलाच, वर टेकूही धड नाही."

"टेकूही धड नाही," भिंगरीने घोकलं आणि सरकायला सुरुवात केली.

आजोबांनी आपलं ताट उचललं आणि स्टूल सोडून, घरात पहिल्यांदाच, बाकावर येऊन बसले. त्यांच्या वजनाने सगळी रांग जराशी आजींकडे गेली. सूनबाईने सवयीने भिंगरीच्या पाठीवर एक नजर टाकली. खिशातल्या चकत्या मांडीला टोचत होत्या. तिने त्या तशाच राहू दिल्या.

"अगं बाई, मला ढकलू नका," आजी म्हणाल्या. "मी मोरीत जाईन."