सगळ्या रस्त्याचे ओव्हन बंद

मी कशाने चटकन भारावून जाणारी बाई नाही. चर्चमध्ये लोकांच्या डोळ्यांत पाणी येतं, तेव्हा मी वरचा पंखा कुठे कुरकुरतोय ते बघत असते. पण त्या शनिवारी जे पाहिलं त्याने माझी बोलती बंद झाली. मर्टिसची बोलती बंद होणं म्हणजे काय, ते आमच्या रस्त्यावर कुणालाही विचारा.

भुईमुगाच्या शेंगा काढायचे दिवस होते. जॉर्जियाच्या आमच्या या कोपऱ्यात तेव्हा शेतभर उपटलेल्या वेलांच्या ओळी उलट्या पडलेल्या असतात, शेंगा उन्हाकडे करून. त्या वाळल्या की ओळीवरून मळणीयंत्र फिरवतात, आणि ते समोर येईल ते आत ओढतं. सकाळी दार वाजलं. बाहेर हॉलिस उभा होता, माझ्या धाकट्या बहिणीचा नवरा. डोक्यावर टोपी नव्हती, म्हणजे काहीतरी बिनसलंच होतं.

"डीकन गेलाय," तो म्हणाला. "फाटक वाऱ्याने उघडलं."

डीकन म्हणजे त्यांचा म्हातारा शिकारी कुत्रा. डोळ्यांत मोतीबिंदू, कानांनी ठार बहिरा. मार्चमध्ये माझी बहीण व्हर्लीन वारली, तेव्हापासून तो रोज फाटकाशी जाऊन वास घेत उभा राहायचा. आणि हॉलिस स्वयंपाकघरात पाऊल टाकत नव्हता. डब्यातलं गारढोण खायचा, तेही मी रागावले तर. त्या घरात एकमेकांना धरून ते दोघंच उरले होते. त्यातला एक गेला असता, तर दुसऱ्याचं काय झालं असतं ते मला स्पष्ट दिसत होतं.

समोरचं शेत रॉयसचं. त्याला फोन लावला.

"पहाटे ओढ्याकडे दिसला होता, मिस मर्टिस. जवळ गेलो तर दचकून पळाला, वेलांत शिरला. कुठल्या ओळीत झोपलाय देव जाणे." मग जरा अडखळत म्हणाला, "उद्या पाऊस सांगितलाय. दव वाळलं की मला यंत्र काढावंच लागेल."

मी फोन ठेवला. हॉलिसचा दंड धरला.

"चल तुझ्या घरी," मी म्हणाले. "हाक मारून त्याला ऐकू येत नाही, हात हलवून दिसत नाही. नाक तेवढं शाबूत आहे. व्हर्लीनचा शनिवारचा घाणा घालायचा."

दर शनिवारी माझी बहीण शेंगदाणे ओव्हनमध्ये भाजायची आणि टेबलाला आवळलेल्या हातयंत्रातून दळून गरमागरम पीनट बटर काढायची. त्याचे दोन भाग. एकात साखर आणि अंडं, ती बिस्किटं हॉलिसची. त्यांच्यावर काट्याने उभ्या-आडव्या रेघा. दुसऱ्यात ओटचं पीठ, अंडं, चमचाभर डुकराची चरबी. मीठ नाही, साखर नाही. ती डीकनची. दोन्ही तबकं एकाच ओव्हनमध्ये, एकदमच.

"मला नाही येत गं," हॉलिस दारातच थबकला.

"इतकी वर्षं समोर बसून बघत होतास ना? ओव्हनला हात लाव, चावत नाही तो."

"मग तू कर ना."

"माझ्या हाताची बिस्किटं त्या कुत्र्याने कधी तोंडात धरली आहेत? तूच कर."

त्याने दाणे तबकात पसरले. मी अंगणात जाऊन मिस युनिसना फोन केला. आमच्या चर्चच्या प्रार्थनेच्या साखळीचं पहिलं टोक त्यांच्या हातात असतं. त्या एकीला कळवतात, ती दुसरीला, आणि बघता बघता सगळा रस्ता देवाच्या मागे लागतो. डीकन हरवलाय, त्याला व्हर्लीनच्या पीनट बटरच्या बिस्किटांच्या वासावर बोलावतोय, प्रार्थना करा, एवढंच मी सांगितलं.

इथेच फसलं. आमच्याकडे कुणावर संकट आलं की बाया आधी ओव्हन पेटवतात आणि मग विचारतात, झालं काय. त्यातून शनिवार, उद्या चर्चचं वर्षाचं मोठं जेवण. दाणे भाजून होतायत तोवर मी ओसरीवर आले, तर वाऱ्यावर पीनट बटरच पीनट बटर. उजवीकडून, डावीकडून, रस्त्याच्या पार टोकापासून. प्रत्येक घरात डीकनसाठी एक घाणा चढला होता.

तेवढ्यात रॉयसचा फोन आला. "दिसला! पण वेड्यासारखा गरगर फिरतोय. नाक वर करतो, मिस युनिसच्या घराकडे चार पावलं जातो, परत फिरतो, दुसरीकडेच वळतो. घ्या, पुन्हा ओळींत शिरला. दव वाळलंय, मिस मर्टिस. माझं इंजिन चालू आहे, पलीकडच्या शेतात तर यंत्रं फिरायलासुद्धा लागली."

मी मिस युनिसना पुन्हा फोन लावला. "सगळ्यांना ओव्हन बंद करायला सांगा. सगळ्यांना! काढलेली तबकं डब्यात घालून झाकणं लावा, खिडक्या बंद करा."

"अगं, माझा उद्याचा केक आत आहे. आत्ता कुठे फुगतोय."

"मग?"

"दार उघडलं तर बसेल की तो!"

"बसू दे. डीकन उठून उभा राहिला पाहिजे."

 पलीकडून ओव्हनचं दार उघडल्याचा आवाज आला आणि त्यांनी फोन ठेवला.

पुढे झालं ते मी ओसरीवर उभं राहून पाहिलं. खरं तर नाकाने पाहिलं. एकेक खिडकी खाली येत गेली. एकेक वास विरत गेला, आधी जवळचे, मग लांबचे. उद्या दीडदोनशे माणसं जेवायची होती आणि त्या बायकांनी अर्धकच्चे केक, पाव, सगळं तसंच सोडून दिलं होतं. मग धुराचा वास मध्ये येऊ नये म्हणून रॉयसने इंजिन बंद केलं. पलीकडचं यंत्र थांबलं, त्याच्या पलीकडचंही. डोक्यावर ढग जमत असताना, ऐन सुगीत, भर सकाळी आमचं शिवार इतकं शांत मी जन्मात ऐकलं नव्हतं. एका बहिऱ्या कुत्र्यासाठी!  देव असेल तर तो असाच येत असेल, असं मला वाटलं, आणि मला असं कधी वाटत नाही.

आत हॉलिस यंत्राचा दांडा फिरवत होता. हात कोपरापर्यंत माखलेले. त्याने दोन भाग केले, दोन्ही तबकं आत सरकवली आणि स्वतःच्या बिस्किटांवर रेघा मारायचं विसरला. मागचं दार सताड उघडलं. शेताकडच्या खिडकीत मी पंखा बाहेर तोंड करून ठेवला. थोड्या वेळाने तो वास सुटला, भाजल्या दाण्यांचा, करपत्या साखरेचा, चरबीचा. आता अख्ख्या रस्त्यावर तेवढा एकच वास होता.

वेल हलले. रॉयस हात वर करून जागच्या जागी उभा राहिला. ओळीतून डीकनचं डोकं वर आलं, नाक आमच्याकडे. तो कुठे वळला नाही, थांबला नाही. ओळी, चर, रस्ता ओलांडून, कुणी दोरीने ओढावं तसा सरळ येत राहिला. मी ओसरीच्या दारात उभी होते. तो माझ्या पायांवरून आत गेला.

हॉलिसने बिस्किट पुढे केलं. डीकनने त्याला तोंड लावलं नाही. तो ओव्हनपाशी गेला. व्हर्लीन जिथे उभी राहायची तिथली फरशी त्याने हुंगली, तिची खुर्ची हुंगली, खुंटीवरचा तिचा एप्रन हुंगला. शेपूट जोरात हलत होती. पुन्हा ओव्हनपाशी आला, पुन्हा फरशी. मग शेपूट हळूहळू थांबली. तेव्हा मला कळलं, तो बिस्किटांसाठी आलाच नव्हता.

हॉलिस गुडघ्यांवर खाली बसला. तो वास आता त्याच्याच हातांना होता. डीकनने ते हात शोधले, बोटं हुंगली, तळवे हुंगले, बराच वेळ.

"व्हर्लीन नाही रे," हॉलिस म्हणाला. मार्चपासून तिचं नाव त्याच्या तोंडून मी पहिल्यांदा ऐकलं. "मी आहे. मी केलंय."

डीकनने त्याचा तळवा चाटला. मग दुसरा. आणि मग त्याच्या हातातलं बिस्किट घेतलं.