कास्ट्रेन्सिस म्हणजे छावणीचा

वाचनालयातल्या माझ्या लॅटिनच्या वर्गात नऊच टाळकी उरली होती. आज सहाच्या ठोक्याला दहा नावं दिसली नाहीत तर खोली गिटारवाल्यांना देणार, असं व्यवस्थापकांनी बजावलं होतं. अठ्ठावीस वर्षांचा माझा वर्ग, आणि म्हणे गिटार! डोकं इतकं तापलं होतं की चष्मा घरीच राहिला.

तशीच फळ्यावर 'कास्ट्रेन्सिस' लिहिलं. "विशेषण. अर्थ, छावणीचा. शिपाई असो की परिचारिका, रूप एकच. नाम नपुंसकलिंगी असेल तर मात्र कास्ट्रेन्से."

"पण बाई, छावणीचं म्हणजे काय काय?" पहिल्या बाकावरच्या औषधवाल्या काकांनी विचारलं.

"म्हणजे... छावणीशी संबंधित." मागून कुणीतरी भलीमोठी जांभई दिली.

"अहो, कधीच न वाळणारे मोजे!" दारातून आवाज आला. बघते तर आमचे हे, चष्मा घेऊन उभे. फौजेतून निवृत्त झाल्यापासून घरात बसून माझ्या लॅटिनची टिंगल करणारे! "ओल्या तंबूचा वास. घोरणारा शेजारी. आणि सगळ्यांत कडक आमच्या डॉक्टरबाई. त्यांनाही हाच शब्द?"

"हाच. रूप बदलत नाही."

"बरोबर आहे. चिखल तोच, तंबू तोच, मग रूप कशाला बदलेल?"

वर्ग खो खो हसला. प्रश्नांवर प्रश्न सुरू झाले. हेही रंगात येऊन सांगत सुटले.

"आणि छावणीतलं पत्र?" काकांनी विचारलं.

"एपिस्तुला कास्ट्रेन्सिस," मी म्हटलं. "लॅटिनमध्ये पत्र स्त्रीलिंगी."

"मी पाच-पाच पानं लिहायचो," हे जरा हळू म्हणाले. "मग ती फाडून दोन ओळी पाठवायचो. हिच्या जिवाला घोर नको."

मला यातलं काहीच माहीत नव्हतं. इतकी वर्षं हा शब्द शिकवला, पण छावणीत आयुष्य घालवलेल्या घरच्या माणसाला कधी एका शब्दाने विचारलं नाही. लाज वाटली मला.

तेवढ्यात व्यवस्थापक यादी घेऊन आले. "नऊच ना?"

"दहा," हे म्हणाले. "माझं लिहा." आणि गपचूप शेवटच्या बाकावर जाऊन बसले.

मी दरडावलंच. "नवरा म्हणून सूट मिळणार नाही हं! पुढच्या वेळी छावणीतलं पत्र लिहून आणा. पाच पानी."

"लॅटिनमधून? नाही जमलं तर, बाई?"

"तर घरी तोंडी सांगा. सगळं."