शेवटची ओळ काकांची

मी बातम्यांच्या कॅमेऱ्यापुढची काच बोलतेय. तुम्ही मला पाहिलेलं नाही, पण रोज सायंकाळी सातला आपली भेट होते. बातम्या देणारी बाई तुमच्याच डोळ्यांत बघून बोलते असं तुम्हांला वाटतं ना? ती माझ्याकडे बघत असते. माझ्यावर अक्षरं खालून वर सरकतात, ती वाचते, आणि मागचा कॅमेरा माझ्यातून आरपार तिला टिपतो.

आमच्या ताई त्या खुर्चीत सोळा वर्षं बसल्या. घरी एकट्याच, संसार काय तो या वाहिनीचा. अक्षरं सरकवायचे काका. त्यांच्या हाताखाली एक चकती असे. ताईंचा श्वास लांबला की चकती हळू, ठसका लागला की बंद. अक्षरं ताईंच्या पुढे कधी पळाली नाहीत.

काकांना एक खोड होती. बातम्या संपल्या की खाली स्वतःची एक ओळ टाकायचे. ‘ताई, चहा गार होतोय.’ ताई ती मनात वाचून हसत आणि लोकांना वाटे, बाई किती गोड निरोप घेते! एकदा मात्र त्यांनी सवयीनं तीही मोठ्यानं वाचली, अगदी ‘ताई’सकट. दुसऱ्या दिवशी भाजीवाल्यापासून डॉक्टरांपर्यंत जो तो विचारी, मग, प्यालात का चहा? काकांनी कानाला खडा लावला, पण चारच दिवस.

मग वाहिनी विकली गेली. नव्या मालकांचा नदीकाठी रंगाचा कारखाना, आणि मेव्हणे निवडणुकीला उभे. आधी फक्त खुर्च्या बदलल्या. नंतर मुख्य कार्यालयातून तयार मजकूर येऊ लागला. एका अक्षरालाही हात लावायचा नाही, असा हुकूम. मी काच. टाकाल ते दाखवणार, बोलविता धनी वेगळाच. पण मेव्हण्यांच्या ओस पडलेल्या सभेला माझ्यावर ‘अलोट गर्दी’ उमटली, ताईंनी ती वाचली, आणि मला पहिल्यांदा भीती वाटली. लोकांचा विश्वास माझ्यावर नव्हता, त्या आवाजावर होता.

काकांची काळजी वेगळी होती आणि ती फक्त मला ठाऊक होती. दुपारी मला मऊ फडक्यानं पुसताना ते मुलीशी फोनवर बोलत. तिच्या वस्तीत नळाला लालसर पाणी येत होतं, म्हणून ती इतर बायकांबरोबर कारखान्याच्या फाटकावर बसली होती. "बाळा, तोंडाला रुमाल तरी बांध," काका म्हणत. "इथं कुणी ओळखलं तर माझी नोकरी जाईल." मग माझा एकच कोपरा पुन्हा पुन्हा पुसत राहत.

मतदान तोंडावर आलं होतं. एके दिवशी सातला पाच मिनिटं कमी असताना मजकूर आला आणि तो वाचून काकांच्या तोंडचं पाणी पळालं. ताई दिव्यांखाली बसलेल्या, शेजारी संपादक उभे. बोलायची सोय नव्हती. काकांनी घाईघाईनं आपली एक ओळ टाकली. ‘वाचू नका’ लिहिण्याइतकी छाती त्यांच्यात नव्हती; वाचण्याआधी ताईंना कळावं, एवढंच. पण घाबरलेला हात सवयीच्या जागी जातो. ओळ पडली ती सगळ्यात शेवटी.

ताईंनी वाचलं, "नळाच्या पाण्यात काहीही दोष नाही. फाटकावर बसलेल्या बायका विरोधकांनी भाड्यानं आणलेल्या आहेत." आवाज नेहमीसारखाच ठाम. मग काकांची ओळ वर आली: ‘ताई, त्यांच्यात माझी मुलगी आहे.’

ताई थांबल्या. काकांनी चकती थांबवली. मी ती ओळ धरून उभी राहिले. मला ती पुसता येत नव्हती. ताईंना हसू आलं नाही.

"त्यांच्यात माझी मुलगी आहे," त्या म्हणाल्या. पहिला शब्द तेवढा त्यांनी सोडला होता.

सकाळी मोठे साहेब माझ्यासमोरच विचारत होते, तुम्हांला तर मूलबाळ नाही, मग ही मुलगी कुणाची?

"माझी," ताई म्हणाल्या. "काल सांगितलं ना."

मागे काकांनी तोंड उघडलं, पण ताईंनी त्यांना नजरेनंच दटावलं. त्यांची नोकरी त्याच दिवशी गेली. काकांना अजून कुणी काही विचारलेलं नाही, आणि त्यामुळे त्यांना झोप नाही.

आता चकती नाही. अक्षरं आपोआप पळतात, कुणासाठी थांबत नाहीत. एक नवी मुलगी धापा टाकत त्यांच्यामागे वाचते. तिला नावं ठेवू नका; तिच्यासाठी खाली कुणी ओळ टाकत नाही. काकांकडे फक्त फडकं उरलंय.

परवा मतदान आहे. आज माझ्यावर पुन्हा येईल, पाणी स्वच्छ आहे म्हणून. माझं एक ऐका. बातम्या संपल्या की घरचा नळ सोडा, काचेच्या पेल्यात पाणी घ्या आणि उजेडात धरून बघा. तो पेला माझ्याच जातीचा, पण त्याच्यावर अजून कुणी मजकूर टाकलेला नाही.