मुरलेलं पाणी

धाकटी मातीच्या प्रयोगशाळेत कामाला होती. हात इतका सफाईचा, की तिचं काम सहसा बिघडत नसे. म्हणून त्या सकाळी मातीतले जिवाणू वाढवलेल्या प्लेटकडे बघून ती चक्रावलीच. औषधात भिजवलेल्या कागदी टिकलीभोवतीचे जिवाणू मरून स्वच्छ कडं पडायला हवं. इथे ते टिकलीला खेटून वाढले होते.

"औषध शिळं असेल," ती पुटपुटली. नवी बाटली काढली, तरी पुन्हा तेच. शेजारच्या बागेतली माती घेतली, तर कडं झकास पडलं. आता काय म्हणावं?

पहिली माती तिच्या दादाच्या कारखान्यामागची होती. नळांना, दारांच्या मुठींना निकेलचा मुलामा द्यायचा त्याचा धंदा. टाक्या धुतलेलं पाणी वडिलांच्या काळापासून मागच्या अंगणात मुरत आलेलं. तिथेच पत्रा लागून दादाची टाच फाटली होती आणि जखम काही केल्या भरत नव्हती.

"तिथे औषध कुणी कधी ओतलंच नाही, मॅडम! मग हे औषधाला सरावले कसे?"

तिच्या वरिष्ठ मॅडमनी प्लेट उजेडात धरली. "धातूला सरावले असतील. आत शिरलेला धातू बाहेर फेकायला काहींकडे पंप असतो. तोच कधीकधी औषधही फेकून देतो."

"म्हणजे दादाची जखम...?"

"ते जखमेतलं तपासल्याशिवाय कसं सांगू?"

तिने दादाला सगळं सांगितलं. तो हसला. "म्हणजे नळ चकचकीत करता करता मी जंतूंनाही तालमीत घातलं म्हण की!" मग म्हणाला, "बाबा तर तिथे अनवाणीच फिरायचे गं."

डॉक्टरांनी जखमेतला पू तपासला. जंतू साधेच निघाले, नेहमीच्या औषधाने मरणारे. जखम अडली होती ती दादाच्या वाढलेल्या साखरेमुळे. साखर आटोक्यात आली, तशी टाच भरू लागली.

"बघ, उगीच मातीला बोल लावलास," दादा म्हणाला.

धाकटीला हायसं वाटलं, पण धड आनंदही होईना. भीती खोटी ठरली होती, मातीतले जिवाणू मात्र खरेच होते. आता कशाला घाबरायचं, तेच तिला उमगेना.

पुढच्या आठवड्यात दादा टाक्यांचं पाणी अंगणात न सोडता पिंपांत भरताना दिसला.

"आता का, दादा? मातीचा दोष नव्हता ना?"

त्याने पिंपाचं झाकण घट्ट बसवलं. "तेच तर मलाही कळत नाहीये."