तळघरातली ओल

बालीगंजच्या घराखालच्या तळघरात निर्मलाबाई दर रविवारी मराठीचा वर्ग घेत. कलकत्त्यातल्या मराठी घरांतली पोरं येत, बाराखडी घोकत, गोष्टी ऐकत. मग एकेक जण गळू लागला. कुणाला नाचाचा क्लास, कुणाला गणिताची शिकवणी. शेवटी बाईंनी खोलीला कुलूप घातलं. "माझंच शिकवणं शिळं झालं असेल," एवढंच म्हणाल्या. नातू विराजलाही त्यांनी मग कधी धडे दिले नाहीत. तो बंगालीतच वाढला आणि नोकरीसाठी बंगळूरला गेला.

तळघरात कुबट वास होताच. त्यांची मुलगी सुनीती उदबत्त्या लावी, दरवर्षी भिंतींना रंग देई. "इथली हवाच दमट," म्हणून सगळ्यांनी विषय मिटवला होता.

यंदा पुन्हा पोपडे पडले, तेव्हा तिने कुणीतरी सांगितलेली युक्ती करून पाहिली. प्लॅस्टिकचा तुकडा चारी कडांनी भिंतीला चिकटवला. दोन दिवसांनी बघते, तर तुकडा बाहेरून कोरडा आणि आतून थेंबांनी भरलेला. म्हणजे ओल हवेतली नव्हती, भिंतीतूनच येत होती. भिंतीपलीकडे अंगणातला नळ होता. प्लंबरने खणलं, तर जमिनीखालचा पाइप चिरलेला. वर्षानुवर्षं पाणी भिंतीत मुरत होतं.

पाइप बदलला. प्लास्टर विटांपर्यंत खरवडून भिंत सावकाश वाळू दिली, मग नवा गिलावा केला. वास गेला तो गेलाच.

सुनीतीला हुरूप आला. तिने आईच्या जुन्या विद्यार्थिनीला, पल्लवीला फोन केला. "तुझ्या लेकीला पाठवशील? वर्ग पुन्हा सुरू करावा म्हणते."

पल्लवी जरा घुटमळली. "ताई, तिथल्या कुबट वासाने मला धाप लागायची. बाकीच्यांचंही तेच. बाईंना वाईट वाटेल म्हणून माझ्या आईने नाचाचं निमित्त सांगितलं."

सुनीतीने हे आईला सांगितलं.

"म्हणजे पोरांना मी नकोशी नव्हते," निर्मलाबाई म्हणाल्या. "मग विराजला का गं नाही शिकवलं मी?"

आपण वर्षानुवर्षं वास झाकत राहिलो, हे सुनीतीच्या मनाला लागलं.

"वर्ग तू घे," बाई डोळे पुसत म्हणाल्या. "माझ्यात आता तेवढा दम नाही."

पुढच्या रविवारी तीन मुली आल्या. बाई वरच्या खोलीतच बसून राहिल्या.