लिंडेन गल्लीतली फेरी

ही १९६४ सालची गोष्ट. शिकागोच्या दक्षिणेच्या उपनगरात, लिंडेन गल्लीत लुएला आणि रॉस्को ग्रेडी यांनी विटांचं घर घेतलं. गल्लीत काळ्यांचं तेवढं एकच घर. उन्हाळा सरता सरता गोऱ्यांच्या दारांत 'विकणे आहे'च्या पाट्या उगवू लागल्या. समोरच्या हालिनाच्या दारातही एक. ती पोलिश विधवा. नवरा पोलादाच्या कारखान्यात मेलेला.

घरांचे दलाल टपलेलेच होते. एखादी काळी बाई रोजावर आणायची आणि तिला बाबागाडी ढकलत गल्लीतून फिरवायला लावायचं. आता गल्ली काळ्यांची होणार, घरांचे भाव कोसळणार, म्हणून गोरे धास्तावून पडेल भावात घरं फुंकून टाकत, आणि तीच घरं दलाल काळ्यांच्या गळ्यात चढ्या भावानं मारत.

त्यामुळे लुएला तान्ह्या लेकीला, पर्लला, बाबागाडीत घेऊन निघाली, की खिडक्यांचे पडदे हलत. एकदा हालिना पायरीवर बटाटे सोलता सोलता ओरडलीच, "काय गं, एका चकरेचे किती देतो तो दलाल?"

"मी इथंच राहते, आजी! चकरा फुकट!"

"आजी कुणाला म्हणतेस गं?"

रात्री रॉस्को म्हणाला, "मागच्या अंगणात फिरव ना पोरीला. रोज कशाला डोळ्यांवर यायचं?"

"अंगणात मी कपडे वाळत घालते. आज मी मागच्या दारी गेले, तर उद्या ही शाळेतही मागच्या दारानं जाईल."

दुसऱ्या दिवशी तिनं चर्चला घालायची पिवळी हॅट चढवली, पांढरे हातमोजे घातले आणि भर रस्त्यातून निघाली.

हालिना पायरीवर बटाटे सोलत होती. तिच्या दारासमोर एक गाडी थांबली. आत दलालाच्या कचेरीतला नवा माणूस, डॉर्सेट. लुएलाला त्यानं कधी पाहिलेलं नव्हतं; ती त्याला रोजावर आणलेली बाईच वाटली.

"ए, ही हॅट कशाला? साध्या कपड्यांत यायचं सांगितलं नव्हतं? आणि पोर गप्प का? चिमटा काढ."

लुएलाच्या अंगाचा तिळपापड झाला. पण डोकं थंड ठेवून ती म्हणाली, "साहेब, मला कमी ऐकू येतं. जरा मोठ्यानं सांगा."

तो खेकसला, "पोराला रडव! आणि या म्हातारीच्या दारापुढे जास्त फेऱ्या मार! घाबरलीये ती, आता पडेल त्या भावात विकेल!"

हालिना बटाट्याच्या सालींचं घमेलं घेऊन खाली उतरली आणि ते तिनं गाडीच्या खिडकीतून आत रिकामं केलं.

"ही समोर राहते, गाढवा! घाबरलीये कोण? मी?"

गाडी सालींसकट पळाली. हालिनानं दारातली पाटी उपटली आणि गुडघ्यावर मोडली.

"तू मला आवडतेस असं समजू नकोस," ती धापा टाकत म्हणाली.

"तुम्हीही मला आवडत नाही," लुएला म्हणाली. "उद्या याच वेळेला येते."

"ये की. बघते."

बाकीच्या पाट्या थांबल्या नाहीत. दहा वर्षांत गल्लीतल्या गोऱ्यांपैकी एकटी हालिना उरली. ती त्याच घरात, १९८१च्या हिवाळ्यात गेली; शवपेटीला खांदा देणाऱ्यांत रॉस्को होता. डॉर्सेट पुढच्या उपनगरात हेच करत राहिला आणि पैसेवाला होऊन मेला. कारखाना बंद पडला. रॉस्को टपालखात्यातून निवृत्त झाला, नंतर तोही गेला. पर्ल डेन्व्हरमध्ये बस चालवते.

आता गोरी तरुण मंडळी परत घरं शोधत येतात, दलाल घर विकता का म्हणून लुएलाला फोन करतात. ती ऐकूनही घेत नाही. ऐंशी उलटल्यावर तिनं पुढच्या अंगणात नासपतीचं रोप लावलं. त्याला अजून फळ धरलेलं नाही.