दुसरा डोळा आणि मी

मित्रांनो, असं डोळे बारीक करून पाहू नका. हरभऱ्याएवढा दिसत असलो तरी मी एक जुना खोडरबर आहे. एके काळी मी पांढराशुभ्र, चौकोनी आणि चांगला गुबगुबीत होतो. अंगात निळा कागदी सदराही होता. माझी ही दशा एका डोळ्यानं केली. तीच हकिगत सांगतो.

माझा जन्म कुठल्याशा कारखान्यात झाला. तिथलं मला फारसं आठवत नाही, कारण आम्ही सारी भावंडं एकाच खोक्यात कोंबलेली होतो. जग पाहिलं ते अंजनगाव सुर्जीला, स्टँडजवळच्या दुकानातल्या बरणीतून. एखाद्या हुशार पोराच्या हाती लागायचं, असं मी मनाशी ठरवलं होतं. तो कधीमधी चुकणार, आणि बाकी आपला आराम! पण नशिबात आली नववीतली आकांक्षा. तिला अ‍ॅनिमेची चित्रं शिकायची होती.

अ‍ॅनिमे म्हणजे जपानी कार्टून. त्यातली माणसं मोठी अजब. डोळे बशीएवढे, नाक असून नसल्यासारखं, केस काट्यांसारखे उभे. मोबाइलवरचा शिकवणारा सांगायचा, आधी गोल काढा, त्यात एक उभी आणि एक आडवी रेघ मारा, खाली हनुवटी, मग डोळे, झालं चित्र! झालं कसलं, डोंबल! गोल जमायचा, हनुवटी जमायची, पहिला डोळा तर असा झक्क उतरायचा की मीही पाहत राहायचो. मग यायचा दुसरा डोळा. तो कधी कानाकडे पळायचा, कधी कपाळावर चढायचा, कधी पहिल्याकडे रागानं बघत बसायचा. लगेच आरोळी यायची, "कुठं गेलं माहं रबर?" की मी कामाला लागलोच. घासून घासून आधी माझा सदरा गेला, मग कोपरे गेले. एकदा विचार करता करता बाईसाहेबांनी मला चावून पाहिलं.

शेवटी तिनं युक्ती काढली. दुसऱ्या डोळ्यावर केसांची बट सोडून द्यायची. मग काय, तिचे सगळे वीर, राजकन्या, अगदी मांजरसुद्धा, एकाच डोळ्यानं जगाकडे पाहू लागली. तिच्या आजी, जमुनाबाई, ती चित्रं पाहून म्हणाल्या, "काहून व, या साऱ्याइचे डोळे आले काय?" मला मात्र बरं वाटलं. जरा टेकायला तरी मिळालं.

अशात आकांक्षाच्या आत्याचं, मंजुषाचं लग्न ठरलं. नवरदेव अंकुर, अकोल्याचा. आमच्याकडे लग्नघराच्या दाराशी भिंतीला चुना देऊन तिच्यावर नवरा-नवरी काढतात. हे काम नत्थुजी पेंटरचं. पण ऐन वेळी नत्थुजी शिडीवरून पडले आणि हात गळ्यात बांधून घरी बसले. वरात दुसऱ्या दिवशी येणार आणि भिंत कोरी! आजोबा खुशालराव डोक्याला हात लावून बसले. तेवढ्यात मंजुषा म्हणाली, "आकांक्षा काढीन ना. तिले येते."

"काय येते तिले?" आजोबा कडाडले. "तिचे सारे चित्रं एका डोळ्याचे हायेत!"

मंजुषानं ऐकलं नाही. मित्रांनो, एक गोष्ट सांगायला हवी. मंजुषा हसली की तिचा डावा डोळा उजव्यापेक्षा बारीक होतो. आधी आलेल्या दोन स्थळांनी त्यावरून नाकं मुरडली होती. तेव्हापासून ती फोटोत तोंड मिटूनच उभी राहायची. तिनं आकांक्षाला जवळ घेतलं आणि हळूच म्हणाली, "माहं चित्र मस्त काढजो, बाई. अकोल्याचे सारे पाहतीन."

आकांक्षा पेन्सिल घेऊन स्टुलावर चढली. मी तिच्या मुठीत होतो. आधी नवरदेव झाला. त्याचे उभे केस फेटा फाडून वर आले. "नवरदेवाले करंट लागला काय?" आजोबांनी विचारलं. मी केस खोडले, नाकातोंडात चुना गेला, तरी एक झुपका राहिलाच. मग नवरी. बाशिंग छान, ओठांवर हसू छान, पहिला डोळा तर फर्स्टक्लास! आणि दुसऱ्या डोळ्यावर, सवयीनं, सुटली केसांची बट.

"अवं माय!" आजी ओरडल्या. "पाव्हणे म्हणतीन, पोरीच्या डोळ्यात खोट हाय म्हून लपवून राहिले!"

मंजुषानं मान खाली घातली. मला इतकं वाईट वाटलं, काय सांगू! आकांक्षाचे डोळे भरून आले, पण तिनं मला घट्ट धरून ती बट खोडली. आता लपायला जागा नव्हती. तिनं दुसरा डोळा काढला. तो बारीक आला. खोडला. पुन्हा काढला, पुन्हा बारीकच आला. चुन्याचे पोपडे सुटू लागले, आणि मी तर हरभऱ्याएवढाच उरलो होतो. आणखी एकदा घासलं असतं तर भिंत तरी गेली असती, नाहीतर मी तरी. तिनं मला भिंतीला टेकवलं. मी मनात रामराम म्हटला.

तेवढ्यात मंजुषानं तिचं मनगट धरलं. "थांब व."

ती कितीतरी वेळ भिंतीकडे पाहत राहिली. मग तिला एकदम हसू आलं. डावा डोळा बारीक झाला, अगदी भिंतीवरच्या नवरीसारखा.

"मीच तर हावो ही," ती म्हणाली. "राहू दे."

"पण आत्या, पाव्हणे..."

"पाहू दे त्याइले. खोडू नको."

दुसऱ्या दिवशी वरात दाराशी आली. नवरदेव भिंतीपाशीच थांबला. त्याची आई हात ओढू लागली, तर म्हणाला, "थांब न आई. डोळा कसा बरोबर काढला पाह्य! पाह्यले आलतो तवा मले पयले हाच आवडला." मग जरा विचार करून म्हणाला, "पण माहे केस असे उभे काहून?" खुशालराव मांडवाच्या दोऱ्या तपासायला निघून गेले.

लग्नाच्या एकूण एक फोटोत मंजुषा दात दाखवून हसली आहे.

आता मी आकांक्षाच्या कंपासपेटीत पडून असतो. ती दोन्ही डोळे काढते, लहानमोठे का होईनात. तर मित्रांनो, आमच्या पोटात पेन्सिल खुपसू नका, आम्हाला चावू नका. आणि खोडायला उचललंत, तर घासण्याआधी एकदा नीट पाहा. मी आयुष्यात किती डोळे पुसले त्याला गणती नाही. त्यातला एकही मला आठवत नाही. आठवतो तो फक्त न पुसलेला.